चोरबरणी

१

आमच्या कामात एक खोटं बोलायची रीतसर सोय आहे. बंद पडलेल्या कारखान्याच्या जमिनीवर घरं बांधायची झाली की आधी आम्ही जातो. मातीत काय मुरलंय, ते कुठे झिरपतंय, उद्या तिथे राहणाऱ्यांच्या पोटात त्यातलं किती जाईल, हे शोधायचं. त्यासाठी ठिकठिकाणी बोअर पाडायचे, प्रत्येकातली माती काचेच्या बरणीत भरायची आणि बरण्या बर्फाच्या पेटीतून लॅबला पाठवायच्या. खोटं बोलायचं ते इथे. एका बोअरची माती दोन बरण्यांत भरायची आणि दुसऱ्या बरणीवर असा नंबर टाकायचा, की त्या नंबरचा बोअर मुळात नाहीच. लॅबला काही कळत नाही. दोन्हींचे आकडे जुळले तर लॅबही खरी आणि आपणही खरे. ऑफिसात तिला चोरबरणी म्हणतात.

अठरा वर्षांत माझी चोरबरणी कधी चुकली नव्हती. त्या कातडी कमावण्याच्या कारखान्यातही मी सगळं नेहमीसारखंच केलं. ड्रिलकाकांनी अकरा बोअर पाडले. चार नंबरची राखाडी वाळू मी एकाच खोऱ्यातून अर्धी अर्धी दोन बरण्यांत घातली. एकीवर ४ लिहिलं, दुसरीवर १२. माझ्या वहीत टिपून ठेवलं, बारा म्हणजे चार. मग हात धुऊन चहा प्यायले.

२

माती काढली त्या दोन दिवसांत नवी रजेवर होती. नवी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेली मुलगी. अजून सगळे तिला नवीच म्हणतात, आणि मी तर मुद्दाम म्हणते. नव्याची नवलाई नऊ दिवस, असं आई म्हणायची. इथे आठ महिने झाले तरी ती ओसरायचं नाव घेत नव्हती.

कारण काय, तर तिचं नाक. मातीचा वास घेऊ नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. बाईसाहेब बरणी उघडून सरळ हुंगायच्या आणि सांगायच्या, "ताई, इथे डिझेल आहे, पण जुनं." आठवड्याने लॅब तेच सांगायची. साहेब खूश. मला अठरा वर्षं ते "मॅडम, तुम्ही" म्हणत आलेत. तिला तिसऱ्या आठवड्यातच "अगं" सुरू झालं. माझ्यासमोर उभे राहून, माझ्याच रिपोर्टबद्दल, ते मान वळवून तिला विचारायचे, "अगं, तुझं नाक काय म्हणतंय?"

हो, माझ्या पोटात दुखायचं. कशाला लपवू? घरी नवरा म्हणायचा, "हल्ली आपण जेवायला तिघं असतो. तू, मी आणि ती नवी." तो शाळेत गणित शिकवतो, त्याला माणसं मोजायची सवय आहे. मी ताट उचलून आत गेले, तर मागून म्हणाला, "नाकाने कांदे सोलणारी तू, आणि कौतुक तिच्या नाकाचं. दुखणारच."

आमच्या विभागाची प्रमुख बाई महिनाअखेर निवृत्त होणार होती. कातडी कारखान्याच्या रिपोर्टवर ज्याची पहिली सही, त्याला तिची खुर्ची, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ती सही मला हवी होती. मला आयुष्यात फार गोष्टी हव्या झालेल्या नाहीत. ही झाली होती.

३

निकाल नवव्या दिवशी आले. एक ते अकरा जसे यायचे तसेच. क्रोमियम, शिसं, थोडं तेल, चार नंबरला आर्सेनिक. बारा नंबरसमोर प्रत्येक रकान्यात शून्य.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आर्सेनिक शून्य असतं, तर लॅबला शिव्या घालून मोकळी झाले असते. पण लोहसुद्धा शून्य होतं. चुना शून्य. कुजलेला पाला शून्य. जिथे माणूस कधी गेला नाही अशा रानातली माती आणली तरी तिच्यात काहीतरी सापडतंच. या मातीत माती म्हणावं असं काही नव्हतं. आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: रंग काळा, पोत मऊ.

मी वाळू भरली होती. राखाडी, खरखरीत वाळू.

लॅबवाल्याला फोन केला. "बारा नंबरची बरणी दुसऱ्या कोणाच्या कामातली मिसळली का हो?"

"नाही मॅडम. तीनदा तपासली. पहिल्यांदा आम्हालाच वाटलं, मशीन बिघडलं. एक विचारू? ही बरणी तुम्ही उन्हात ठेवली होती का? बर्फातून काढली तर हाताला कोमट लागली."

"नाही."

"अजूनही लागते," तो म्हणाला.

४

नियम सरळ आहे. चोरबरणी जुळली नाही तर तसं लिहून द्यायचं. मग आपले सगळे नमुने रद्द होतात आणि दुसरं कोणीतरी जाऊन पुन्हा माती काढतं. दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको. मी तो कागद लिहायलाही घेतला होता. इतक्यात पलीकडच्या टेबलावरून साहेबांचं हसणं ऐकू आलं. ते स्वतः चहाचा कप घेऊन तिच्याकडे गेले होते.

मी कागद फाडला. चोरबरणी घ्यायची विसरले असं म्हटलं, तर एक टोमणा ऐकावा लागेल. चोरबरणी चुकली असं म्हटलं, तर अठरा वर्षं पाण्यात. पण विसरले म्हणायचं, तर बारा नंबरच्या बरणीला खरा बोअर हवा. मी जागेचा नकाशा उघडला. उत्तरेला वजनकाट्याची खोली होती, तिथे एकही बोअर नव्हता. तिच्या कोपऱ्यात मी एक छोटा गोल काढला आणि शेजारी लिहिलं, १२. मग बोअरची नोंद तयार केली. रुंदी चार इंच, खोली तीन मीटर, पाणी एक पॉइंट आठ मीटरवर, माती काळी, मऊ. पाण्याचा आकडा मी शेजारच्या बोअरकडे बघून ठोकला. खोटं लिहायची सवय मला कामानेच लावलेली होती.

साहेबांनी निकाल पाहिले आणि भुवया वर केल्या. "बारा नंबर इतका स्वच्छ? मग पाळणाघर तिकडेच सरकवू की. बांधणाऱ्यांना हेच हवंय." मी मान डोलावली. ते पुढे म्हणाले, "फक्त पाण्याची पातळी पुन्हा एकदा बघून घेऊ."

"मी जाते," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला मॅडम? तिला जाऊ दे. तिचं नाकही लावून येईल."

५

ती दिवसभर जागेवर होती आणि मी दिवसभर दाराकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं. ती येणार, सगळ्यांसमोर विचारणार, ताई, बारा नंबर कुठे आहे?

चार वाजता आली. गुडघ्यांना धूळ होती. माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू. बारा नंबर तुम्ही नकाशात एक मीटर डावीकडे दाखवलाय. मी दुरुस्त करून ठेवू का?"

मी समोरची फाइल उगाच मिटली.

"पाणी मात्र बरोब्बर एक पॉइंट आठला. आणि बोअरच्या झाकणावरचा बाराही तुमच्याच हातचा. दोनाची शेपटी अशी वर वळवता ना तुम्ही." तिने हवेत बोट फिरवून दाखवलं.

घरी जाताना मी डोकं चालवलं. एक तर ही तिथे गेलीच नसेल, माझाच आकडा उतरवून दिला असेल. ऑफिसात अर्धे लोक तेच करतात. नाही तर हिला सगळं कळलंय आणि ही मला खेळवतेय. दोन्ही गोष्टी मला बऱ्या वाटल्या. दोन्हींत ती वाईट ठरत होती. पण गुडघ्यांवरची ती धूळ, आणि तो दोन. मी दोनाची शेपटी वर वळवते, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. घरी पोचल्यावर वही काढून बघावं लागलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिलकाकांना घेऊन मी वजनकाट्याच्या खोलीत गेले. काका त्या आठवड्यात बाकीचे बोअर सिमेंटने बुजवत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, इथे बोअर पाडला होता का आपण?"

"ताई, मी अकराच पाडले. आणि इथे पाडणार कसा? दार बघा ना केवढंसं. मशीन आत शिरेल का?"

खोटं सांगताना दाराचं माप माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खोली लहान होती. वर एकच झरोका. मध्ये वजनकाट्याचा लोखंडी सांगाडा, भिंतीवर कातडी टांगायच्या आकड्यांची रिकामी रांग. कोपऱ्यातली फरशी अखंड सिमेंटची होती. काकांनी पहार आपटली. ठण्ण. हातभर पलीकडे, पुन्हा ठण्ण. कुठेही पोकळ नाही. मी खाली वाकून नाक फरशीला लावलं. कोणी बघत नव्हतं म्हणून लावलं. मला कसलाच वास आला नाही.

उठताना मात्र दिसलं. धुळीत दोन गोल पुसलेले होते, गुडघे टेकल्यासारखे. त्यांच्या पुढे एका तळव्याचा ठसा. आणि ठशाच्या पुढे सपाट, कोरी फरशी.

"नवीताई काल इथेच होत्या ना दिवसभर," काका म्हणाले. "दार लोटून घेतलं होतं. बोलत होत्या बराच वेळ."

"फोनवर असेल."

"असेल," काका म्हणाले. बाहेर पडता पडता पुटपुटले, "फोन तर त्यांचा गाडीत होता, चार्जिंगला."

७

मुलगी बदलली. आठ महिने तिला बारीक खोकला होता, तो गेला. चेहरा उजळला. दुपार झाली की घड्याळाकडे बघायला लागायची आणि पाणी मोजायचा टेप घेऊन निघायची. पाण्याची पातळी एकदा बघितली की पुरते, हे साहेबांना कळत होतं, पण ते काही बोलत नव्हते. मला असल्या फेऱ्यांसाठी तीन सह्या लागतात.

एकदा जिन्यात तिने मला गाठलं. "ताई, तुम्ही एकदा चला ना माझ्याबरोबर. मला एकटीला सगळं कळत नाही. तुम्हाला कळेल."

"काय कळेल?"

"आपण वरून टेप सोडतो ना, तसं खालूनही कोणीतरी मोजतंय." ती अगदी साधेपणाने बोलत होती, एखादा आकडा सांगावा तशी. "खालून बघितलं तर आपणच खोल आहोत, ताई."

मी म्हटलं, मला काम आहे. माझा जळफळाट झाला होता. बोअर माझा. नसलेला मी काढला, नंबर मी दिला, पाणी मी घातलं. आणि ही आयत्या बिळावर नागोबा.

तरी तिसऱ्या दिवशी मी गेलेच, तिच्या मागोमाग, तिला न सांगता. दार लोटलेलं होतं. फटीतून ती पाठमोरी दिसली, गुडघ्यांवर बसलेली. टेपचं चाक तिने मांडीवर धरलं होतं आणि टेप पुढे फरशीकडे जात होता. तो कुठे शिरत होता ते वजनकाट्याच्या सांगाड्याआड होतं. चाक आपोआप फिरत होतं, अगदी सावकाश, कर कर करत. टेपवरचे आकडे मला तिथून वाचता येत होते. तीस मीटर. एकतीस. मी तीन लिहिले होते.

ती मान कलती करून ऐकत होती. मग हसली. माहेरून फोन आल्यावर बायका हसतात तशी.

"नाही," ती खाली बघून म्हणाली. "त्या नाही येणार. त्या रागावल्यात माझ्यावर."

पुन्हा थोडा वेळ ऐकलं. मग मागे न बघताच म्हणाली, "ताई, आत या ना."

मी पळाले. भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू? पण गाडीत बसून दार लावेपर्यंत भीतीच्या वर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं. अठरा वर्षं मी जमिनीला कान लावून बसले. मला कोणी हाक मारली नाही.

८

पुढच्या दिवशी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. "रिपोर्ट उद्या जाईल. पहिल्या सहीचं उद्याच ठरवू. ती आज सकाळी भेटून गेली, त्याच बाबतीत बोलायचं होतं तिला."

"काय म्हणाली?"

"सांगतो उद्या." त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी मला हातानेच जा म्हटलं.

म्हणजे मागायलाही गेली. मी टेबलाशी येऊन बसले. समोर बोअर बुजवल्याच्या नोंदींचा गठ्ठा होता. प्रत्येक बोअरचा एक कागद. अकरा कागद काकांनी भरून पाठवले होते. बारावा कोरा होता, तो मलाच भरायचा होता. आज ना उद्या तो भरावा लागणारच होता, त्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही. माझं चुकलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

भिंतीवर तीन चाळीस झाले होते. या वेळी ती कुठे असते, मला माहीत होतं.

कागदावर लिहून बोअर बुजत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. कोणीही शहाणा माणूस हेच सांगेल. मग मनात आलं, कागदावर लिहून तो पडतही नाही. पेन हातात घेऊन मी या दोन वाक्यांमध्ये बराच वेळ बसले होते. बराच म्हणजे मिनिटभर असेल. मग लिहिलं: बोअर नंबर बारा, खोली तीन मीटर, तळापासून वरपर्यंत सिमेंट भरून पूर्ण बंद केला, वेळ तीन एक्केचाळीस. खाली सही केली. दोनाची शेपटी या वेळी सरळ ठेवली.

९

चार वाजता काकांचा फोन आला. "ताई, तुम्ही येता का? नवीताई दिसत नाहीत. गाडी फाटकाशीच आहे."

मी गेले. काका वजनकाट्याच्या खोलीत उभे होते. कोपऱ्यात, माझ्या नकाशापेक्षा एक मीटर उजवीकडे, फरशीत ओल्या सिमेंटचा एक गोल होता. चार इंच रुंद, माझ्या तळव्याएवढा. "मी आज सिमेंट कालवलंच नाही, ताई," काका म्हणाले. "मी फाटकावर विचारून येतो." ते गेले, आणि मला वाटतं त्यांना जायचंच होतं.

मी खाली बसले. गोलावर हात ठेवला. कोमट होता.

टेपचं चाक भिंतीशी पडलं होतं. टेप तिथून निघून सिमेंटमध्ये गेला होता, अगदी मधोमध. शंभर मीटरचा टेप, आणि चाकावर जेमतेम चार वेढे उरले होते. मी बघत असताना चाक थोडं फिरलं. कर कर. थांबलं. पुन्हा फिरलं.

मी टेप दोन बोटांत धरला. तो ताणलेला होता. आणि त्यातून ओढ आली. दोनदा. मग थोडं थांबून पुन्हा दोनदा. आमच्याकडे खाली काही अडकलं तर वरच्याला कळवायची हीच खूण आहे, मीच तिला शिकवली होती. ती वर घ्या म्हणत होती की खाली या म्हणत होती, ते मला कळलं नाही. तिला कळलं असतं. तिला असलं सगळं कळायचं.

बाहेर काकांचा आवाज येत होता, फाटकावर कोणाला तरी हाका मारत होते. मी ओढलं असतं तर काय वर आलं असतं? सुखरूप ती आली असती, तर तिच्याबरोबर तिचं नाकही आलं असतं, आणि उद्याची सही. टेपने पुन्हा दोनदा ओढलं, या वेळी फार हळू.

पिशवीतला कटर काढून मी टेप कापला. कापलेलं टोक सिमेंटमध्ये सुळकन गेलं. वर खूणसुद्धा उरली नाही.

१०

पोलीस आले, दोन दिवस शोध झाला. त्या कोपऱ्याकडे बघून त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, बुजवलेला बोअर, आणि कागद दाखवला. चार इंचाच्या भोकात माणूस जात नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. तिची आई ऑफिसात येऊन तिच्या खुर्चीवर बसून गेली. मी तिला पाणी दिलं.

रिपोर्ट आठवडाभर लांबला. मग साहेबांनी मला आत बोलावलं आणि शेवटचं पान पुढे सरकवलं. "पहिली सही तुम्ही करायची, मॅडम."

मी पान जवळ ओढलं.

"तिचीच इच्छा होती. त्या सकाळी तेवढंच सांगायला आली होती." साहेब खिडकीकडे बघत होते, त्यांचे डोळे भरले होते. "म्हणाली, मला जे काही येतं ते ताईंच्या वह्या वाचून आलंय, त्यांच्या आधी मी सही करणार नाही. मी तिलाच देणार होतो, ठरवलंही होतं. पण ती अडूनच बसली."

पानावर छापलेलं होतं, उत्तरेचा कोपरा पाळणाघरासाठी सुरक्षित. खाली दोन रेघा होत्या, एक माझ्यासाठी आणि एक रिकामी.

मला रडू यायला हवं होतं. निदान शरम तरी वाटायला हवी होती. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की साहेब सही तिलाच देणार होते.

मी पेनाचं टोपण काढलं.